भाऊकाकांचा रोजचा शब्द

आमच्या दारव्ह्यातल्या भाऊकाकांना दुपारचं जेवण मिळणार की नाही, हे इंग्रजीवर ठरायचं. रोज सकाळी ते डिक्शनरीतला एक जड शब्द पाठ करायचे आणि तो कोणावर तरी वापरल्याशिवाय ताटावर बसायचे नाहीत. कचेरीतून रिटायर झालेला माणूस, दुसरा धंदा काय?

सापडेल त्याच्यावर शब्द पडायचा. बाजारात एका बाईला त्यांनी तिची वांगी ‘लुगूब्रियस’ आहेत म्हणून सांगितलं. म्हणजे म्हणे उदास. तिनं त्यांना वांगी दिलीच नाहीत. कधी शब्द भांडणातला निघाला, की वरण थंड होऊ नये म्हणून काकू स्वतःच भांडण उकरून काढायच्या. बिचारीनं शिव्याही डिक्शनरीतल्याच खाल्ल्या.

हे सारं कायले, असं विचारलं की काका म्हणायचे, “कामी येईल, पाह्यजो.”

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. दिल्ली-मुंबईचे कॅमेरेवाले खेडोपाडी हिंडायला लागले आणि भाऊकाका कडक इस्त्री करून रोज स्टँडवर! इथं माणसं मरून राह्यली अन् ह्यांना टीव्हीवर दुभाषी व्हायचं होतं. मला तर चीडच यायची.

एकदा खरंच गाडी थांबली. पत्रकार बाईला मराठी येत नव्हतं. काकांनी मलाही गाडीत कोंबलं, त्यांचा थाट पाहायला कोणी तरी हवं म्हणून. वाटभर त्यांनी असे काही शब्द फेकले, की ती बाई खिडकीबाहेरच पाहत बसली.

गाडी आत्महत्या केलेल्या एका शेतकऱ्याच्या घरी थांबली. त्या घरची सून तिशीचीही नसेल. नवऱ्याला जाऊन महिनाही झाला नव्हता. कॅमेरा सुरू झाला. बाईनं अगदी साध्या इंग्रजीत विचारलं, मलाही कळलं: नवरा मेलेला दिसला, तेव्हा हिला काय वाटलं?

काका सुनेकडे वळले. घसा खाकरला.

“माहेरचं कोणी आलं काय, माय?”

“भाऊ आलता. गेला,” ती म्हणाली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली.

हे काय विचारलं, असं पत्रकार बाईनं दरडावून विचारलं. काकांनी तिला कॅमेरा बंद करायला सांगितलं. गाडी आम्हाला तिथंच टाकून दुसरा दुभाषी शोधायला गेली.

पायी परतताना मी चिडवलंच, काका, एवढी वर्षं घोकलं अन् प्रश्न समजला नाही?

“समजला ना बे. पण माह्या तोंडानं कसा विचारू तिले?”

आणि म्हातारा भर रस्त्यात रडायला लागला.