शकूमावशींचं ‘ताटात काय?’

शकूमावशी आमच्या घरी आल्या की आधी फ्रिजला भेटतात, मग आम्हाला. दार उघडतात, सॉसची बाटली माझ्यापुढे नाचवतात, "हे कुणाला आजारी पाडायला आणलंयस गं?" परवा माझ्या सासूबाईंनी साखरेचा डबा चक्क वॉशिंग मशीनमध्ये लपवला. मावशींनी तो तिथूनही काढला!

शेजारीण म्हणून मी सोसते, पण अख्खं सोलापूर त्यांच्यावर जाम खूश आहे. पूर्वी त्या शाळेत गृहविज्ञान शिकवायच्या. मुलींचे डबे तपासता तपासता पेपरात ‘ताटात काय?’ हे सदर सुरू झालं, मग पुस्तकं आली, मग व्याख्यानं. कुणी गुडघेदुखी सांगितली की म्हणणार, "गुडघा ठेवा बाजूला, काल ताटात काय होतं ते सांगा!" टेंभुर्णीला तर लोक खिडक्यांत चढून बसले होते. अहो, आहारावर बोलून शिट्ट्या घेणारी बाई बघितलीय का कुठं?

गेल्या महिन्यात वैरागला मीच त्यांना गाडीतून नेलं. हॉल बायकांनी गच्च, विषय ‘गोड कसं सोडावं’. मावशी नुसत्या पेटल्या होत्या! गुळालाही सोडलं नाही. शेवटी प्रश्न विचारायची वेळ आली, तशी मागच्या रांगेतली एक बाई चाचरत उभी राहिली.

"मॅडम, माजे वडील लई आजारी हायत. आता थोडंच दिस ऱ्हायल्यात. डॉक्टर म्हनले, मागतील ते द्या. त्यास्नी गूळ घातलेली शेंगाची पोळी पायजे. पर तुमची पुस्तकं वाचल्यापासनं करायला हात धजंना. देऊ का नको?"

मी मनात म्हटलं, झालं, आता पोळीचे धिंडवडे निघणार. मावशींनी मात्र माईक खाली घेतला. पुन्हा वर घेतला तेव्हा आवाज भलताच बारीक झाला होता.

"आमच्या ह्यांनीही शेवटी तीच मागितली होती. डॉक्टरही हेच म्हणाले होते. मी मुगाचं कढण दिलं. मला वाटलं, पथ्य पाळलं तर अजूनही बरे होतील."

माझ्या तर डोळ्यांत पाणीच आलं हो. मावशींचेही गाल ओले झाले होते, पण पुसायला त्यांना फुरसत कुठली? त्या बाईवर त्या कडाडल्या, "अगं, उभी काय राहिलीस? जा की घरी, पोळी लाट! वरनं तूप सोड. आणि दुधात कुस्करून तुझ्या हातानं भरव!"