चुलीजवळचा स्याहगोश

खांदा कॉलनीतील वनमित्र मंडळाच्या मासिक सभेत, पनवेल परिसरात पाहण्यासारखा एकही वन्यप्राणी शिल्लक राहिलेला नाही, याची खेदपूर्वक नोंद घेण्यात आली.

“कोल्हे होते की,” मंडळाचे उपाध्यक्ष कमलाकरशेठ ठाकूर म्हणाले. “आमच्या खाडीवर सांजचे वरडाचे.”

“मग गेले कुठे?”

“भराव टाकला ना आमी. ज्या बिल्डिंगीन आपुन आता बसलाव, ती तीच जागा हाय.”

यावर सर्वांनी क्षणभर मौन पाळले आणि दुर्मीळ प्राणी पाहण्यासाठी राजस्थानच्या वाळवंटात जाण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला.

प्राणी कोणता पाहायचा, हे अध्यक्ष सत्यजीत गुप्ते यांनी ठरवले. गुप्ते विमा कंपनीत अधिकारी होते आणि दुर्मिळतेच्या बाबतीत तडजोड त्यांना मान्य नव्हती. वाघ सगळ्यांनी पाहिलेला असतो. म्हणून त्यांनी स्याहगोश निवडला. काळ्या, टोकदार, केसाळ कानांचे हे मोठे रानमांजर इतके दुर्मीळ आहे की ते पाहिलेला माणूसही दुर्मीळ असतो. मंडळाला नेमके तेच व्हायचे होते.

सहलीची जबाबदारी जुन्या पनवेलच्या दीपेशने घेतली. दीपेश पूर्वी तीर्थयात्रा काढत असे. व्यवसाय बदलला तरी भाषा बदलायला त्याला वेळ मिळाला नव्हता. “दर्शन शंभर टक्के होणार,” तो म्हणाला, “फक्त मनात श्रद्धा ठेवा आणि गाडीतून उतरू नका.”

निघण्यापूर्वीच कॉलनीच्या कमानीवर फ्लेक्स लागला : ‘स्याहगोशाचे दर्शन घेऊन परतलेल्या वनमित्रांचे हार्दिक स्वागत’. छापणारा लग्नासाठी गावी जाणार होता, त्यामुळे काम आधी उरकून घ्यावे लागले. गुप्त्यांच्या पत्नी कादंबरी शाळेत शिक्षिका होत्या. त्यांनी फ्लेक्स वाचून विचारले, “आणि नाही दिसला तर?”

“आता दिसावाच लागेल,” गुप्ते म्हणाले.

वाळवंटात मंडळी खाकी कपडे, खाकी टोप्या आणि खाकी चपला घालून फिरली. आसपास आणखी बऱ्याच जीपा फिरत होत्या आणि त्यांतली माणसेही खाकीच होती, त्यामुळे पहिले काही दिवस सर्वांनी एकमेकांचे पुष्कळ फोटो काढले. एकदा चिंकारांचा कळप आडवा गेला. पण ते कॉमन म्हणून कोणी कॅमेरा उचलला नाही. वाळवंटी कोल्हीण तीन पिल्लांसह जीपच्या सावलीत येऊन बसली, तेव्हा दीपेशने हॉर्न वाजवून तिला हाकलले, कारण तिच्यामुळे वेळ जात होता.

शेवटच्या संध्याकाळपर्यंत स्याहगोश दिसला नाही. इकडे पनवेलहून कमानीखाली काढलेले सेल्फी येऊ लागले होते. त्यातच जीपचे इंजिन तापले आणि पाणी मागण्यासाठी मंडळी खारडी नावाच्या चार झोपड्यांच्या वस्तीवर थांबली.

पहिल्या झोपडीत धापू नावाची म्हातारी एकटी राहत होती. तिने इंजिनासाठी घागर दिली आणि माणसांसाठी चहा ठेवला. कादंबरी मदतीला आत गेल्या, तर चुलीजवळ एक तांबूस मांजर वेटोळे करून झोपलेले. त्यांनी हात लावताच ते उठले, शेपटी उभारून त्यांच्या पायांना घासले आणि बशीतले दूध प्यायला बसले.

“भूरी,” धापूने ओळख करून दिली. “म्हारी बेटी जैसी है.”

एवढ्यात दीपेश दारात आला आणि जागच्या जागी थिजला. “कोणीही हलू नका,” तो कुजबुजला. “दर्शन झालं.”

क्षणात दाराची चौकट लेन्सांनी भरून गेली. मांजराने मान वर केली. त्याच्या कानांची टोके काळीकुट्ट होती.

“अरं, ही तं मांजर हाय!” कमलाकरशेठ मोठ्याने म्हणाले. “आपल्या मच्छी मार्केटान अशी पन्नास फिरतान.”

“शेठ, कान बघा,” गुप्ते दबक्या आवाजात म्हणाले. “आणि नंतर तुमच्या लेन्सकडे बघा. एवढी मोठी लेन्स तुम्ही मांजरासाठी घेतलीत का?”

कमलाकरशेठांनी लेन्सकडे पाहिले. ती उचलायला दोन माणसे लागत असत. “आता बरोबर दिसतंय,” ते म्हणाले. “अंधारान चूक झाली.”

कादंबरींनी मांजर उचलून घेतले आणि रुमालाने त्याचा कान पुसला. “ही चुलीची काजळी आहे, सत्यजीत. चुलीत डोकं घालून झोपतं ते. हे बघ.” रुमाल काळा झाला होता आणि कान तांबूस.

गुप्त्यांचा चेहरा पांढरा पडला. “कादंबरी! तू संरक्षित प्राण्याचा रंग पुसलास! यावर गुन्हा दाखल होतो!”

मग दीपेशने लोकशाही मार्ग सुचवला. जीपच्या बॉनेटभोवती मतदान झाले. स्याहगोशाच्या बाजूने सगळे आणि विरोधात कादंबरी. धापूला मत नव्हते, कारण ती मंडळाची सभासद नव्हती. ती एवढेच म्हणाली, “बिल्ली है साहब. बिल्ली.” दीपेशने वनमित्रांना समजावले की स्थानिक लोकांना आपल्याकडच्या वैभवाची जाणीव नसते.

मंडळी पनवेलला परतली, फुलांचे हार पडले आणि गोष्ट खरे तर इथेच संपायला हवी होती. पण फोटो फार दूर पोचले. माणसाच्या घरात राहणारा जगातला पहिला स्याहगोश! तिकडच्या संबंधित खात्याने तज्ज्ञ पाठवले. प्राणी आकाराने लहान होता, म्हणून तज्ज्ञांनी ही दुष्काळी भागातली उपजात ठरवली. तो ‘म्याव’ करत होता, म्हणून मानवी सहवासाचा परिणाम नोंदवला. तो मांजर असल्याची शक्यता तपासण्याचे कामच त्यांच्याकडे सोपवलेले नव्हते.

पुढचे सगळे नियमाप्रमाणे झाले. दुर्मीळ प्राणी खासगी व्यक्तीला पाळता येत नाही. प्राण्याला तिथून हलवावे, तर अधिवास बिघडतो. म्हणून म्हातारीला हलवण्यात आले. प्राणी चुलीपाशी झोपत असल्याने चूल हा अभयारण्याचा गाभा घोषित झाला, उरलेली झोपडी संरक्षक पट्टा आणि अंगण पर्यटन क्षेत्र. गाभ्यात विस्तव पेटवण्यास सक्त मनाई. चूल थंड पडली, काजळी धरेना आणि कानांची टोके फिकट होऊ लागली. ‘अधिवासावरील ताण’ म्हणून याची नोंद झाली, आणि ताण कमी करण्यासाठी धापूला आणखी दूर, मोठ्या रस्त्यापलीकडे पत्र्याच्या खोलीत पाठवण्यात आले.

तिथून एक दिवस तिने कुणाच्या तरी फोनवरून कादंबरींना फोन केला. निघताना कादंबरींनीच नंबर देऊन ठेवला होता.

“बहनजी, भूरी खाती नहीं. अंदर जाने नहीं देते. तुम लोगों ने पहले बोला था ना, तुम ही बोल दो कि बिल्ली है.”

कादंबरींनी मंडळाची तातडीची सभा बोलावली. “एक पत्र पाठवायचं,” त्या म्हणाल्या. “आमची चूक झाली, ते मांजर आहे. त्या बाईला तिचं घर परत द्या. बस्स, एवढंच.”

सभेत गांभीर्य पसरले. गुप्ते आता तीन महाविद्यालयांत वाळवंटी सस्तन प्राण्यांवर व्याख्यान देऊन आले होते. दीपेशच्या पुढच्या चार सहली भरल्या होत्या. “वहिनी, मना पन झोप नाय येत,” कमलाकरशेठ म्हणाले. “पन माजी सगली सोयरी येत्या सहलीन चाललीन. त्यांना काय सांगू, मांजर बघाला चला?”

चर्चेअंती मंडळाने धापूबाईंबद्दल तीव्र सहानुभूतीचा ठराव मंजूर केला आणि तिला मंडळाचे बोधचिन्ह असलेला टी-शर्ट पाठवण्याचे ठरवले. टी-शर्टवर भूरी होती.

कादंबरींनी एकटीच्या नावाने खात्याला पत्र लिहिले. उत्तर आले की सदर प्राणी बहुमताने निश्चित झालेला असल्याने वैयक्तिक मताचा विचार करता येत नाही. मात्र आपण पुन्हा भेट देऊ इच्छित असल्यास आपले स्वागत आहे.

हे शेवटचे वाक्य कादंबरींनी पुन्हा पुन्हा वाचले. झोपडीत रहिवाशाला बंदी होती. पर्यटकाला नव्हती.

पुढच्या सहलीत त्यांनी दोन जागा घेतल्या. गुप्ते म्हणाले, “आता कशी जाणीव झाली तुला!” मोठ्या रस्त्यावर कादंबरींनी जीप थांबवायला लावली, पत्र्याच्या खोलीतून धापूला आणली, तिच्या घागऱ्यावर स्वतःचा खाकी कोट चढवला आणि ओढणीवर खाकी टोपी बसवली. दीपेशने कपाळाला हात लावला. पण जागेचे तिकीट होते, आणि तिकिटावर कोणी बसावे याला नियम नव्हता.

फाटकावर रक्षकाने धापूला नियम सांगितले. खाली उतरायचे नाही, बोलायचे नाही, प्राण्याला खायला घालायचे नाही, अधिवासात कचरा टाकायचा नाही. धापू प्रत्येक वाक्याला मान डोलावत राहिली. मग जीप तिच्या अंगणात शिरली. तिने लावलेले खेजडीचे झाड जीप वळायला अडचण होते म्हणून तोडलेले होते. पुढची भिंत पाडून तिथे जाळी लावली होती, म्हणजे चूल बाहेरून नीट दिसावी. जीपा एकामागोमाग लागल्या होत्या आणि त्यांवर माणसे उभी होती.

चुलीपाशी भूरी पडली होती. हाडे वर आलेली. समोर खात्याने ठेवलेले कच्चे मांस माश्यांनी भरले होते.

“हलत का नाय ती?” कमलाकरशेठांच्या मेहुण्याने तक्रार केली. “एवढ्या लांबून आलाव आमी.”

धापूने नियम मोडला नाही. ती उतरली नाही, बोलली नाही. तिने फक्त जिभेने टाळूवर दोनदा टकटक आवाज केला.

भूरीचे कान उभे राहिले. ती उठली, लटपटत जाळीपर्यंत आली, खालच्या फटीतून बाहेर निघाली आणि सगळ्यांच्या देखत जीपवर चढून धापूच्या मांडीवर येऊन पडली. तिची घरघर शेजारच्या जीपपर्यंत ऐकू येत होती. धापूने तोंड तिच्या पाठीत खुपसले. तिचे खांदे हलत होते. कादंबरींना वाटले, झाले, आता सगळ्यांना कळले. आता कोणालाच काही सांगायची गरज उरली नाही.

मग मागच्या जीपमधून गुप्त्यांचा आवाज आला, अतिशय नम्र.

“बाई, जरा मागे सरकता का? फोटोत येताय.”

“सरका ना हो!” दुसऱ्या जीपमधून कोणीतरी ओरडले. “आम्हीही पैसे दिलेत!”

मग सगळेच ओरडू लागले. रक्षक धावत आला. प्राण्याला बोलावल्याबद्दल धापूला खाली उतरवून फाटकाबाहेर नेण्यात आले आणि पर्यटक म्हणूनही कायमची बंदी घालण्यात आली. कादंबरी तिच्यासोबत उतरल्या आणि रस्त्यापर्यंत चालत गेल्या. भूरीला दोघा रक्षकांनी जाळीआड सोडले. ती कोपऱ्यात तोंड करून बसली आणि त्या आठवड्यातच मेली. एवढ्या दुर्मीळ प्राण्याचा शेवट झाल्याने देशभर हळहळ व्यक्त झाली, आणि जागा रिकामी राहू नये म्हणून खात्याने शेजारच्या झोपडीची पाहणी सुरू केली. तिथेही एक मांजर होते.

गुप्त्यांनी त्या दिवशी काढलेल्या फोटोला मोठे बक्षीस मिळाले. डोळे मिटून, मान टाकून, अत्यंत विश्वासाने निजलेला स्याहगोश. परीक्षकांनी लिहिले की वन्यप्राण्याच्या चेहऱ्यावर इतकी शांती आजवर कोणी टिपली नव्हती. खाली कडेला घागऱ्याचा लाल काठ थोडासा राहून गेला आहे. ते वाळवंटी फूल असावे, असे बहुतेकांचे मत आहे.

फोटो तुमच्याकडेही आला होता. सकाळी चहा घेताना तुम्ही तो पाहिलात, ‘किती गोड!’ असे लिहिलेत आणि पुढे पाठवलात. तुम्ही मांजर ओळखले नाहीत, असे नाही. पण तोपर्यंत मतदान झालेले होते.