डबा घेऊन येणारे मुळे डॉक्टर

मुळे डॉक्टरांना मी भर ताटावर बोललो, ही चूक माझीच. पण माझा संताप अजून पुरता गेलेला नाही, हेही कबूल करतो. ऐन जेवणाच्या वेळी कुणी स्वतःचा डबा घेऊन तुमच्या घरी आला, तुमच्यासमोर मांडी घालून तो उघडून बसला आणि तुमच्या घरची भाकरी हातानं बाजूला सारली, तर तुम्ही काय केलं असतं?

डॉक्टर आमच्या तेलगावात, आमच्याच गल्लीच्या टोकाला राहतात. जनावरांचे सरकारी डॉक्टर म्हणून निवृत्त झाले. तरुणपणी मात्र ते एका संशोधन केंद्रात मेंढ्यांची भूक तपासत असत. मेंढी कधी खाते, कधी थांबते आणि का थांबते, एवढाच त्यांचा विषय, आणि तो त्यांनी अजून सोडलेला नाही.

"पोट नुसता हमाल हाय," हे त्यांचं पालुपद. "मालक वर बसलाय." वर म्हणजे देव नव्हे, मेंदू. चारा पोटात गेला की आतड्यातून एक हार्मोन निघतं आणि मेंदूला सांगतं, बास. पण मेंदूतच अफूच्या जातीचं एक रसायन तयार होतं. ते म्हणतं, अजून एक घास. या दोघांच्या भांडणावर मेंढीचं जेवण ठरतं. ती अफू अडवणारं इंजेक्शन दिलं, तर मेंढीनं म्हणे चारा अर्ध्यावर सोडला.

हे ज्ञान त्यांनी तलवाड्याच्या एका लग्नात, जिलबीला पुन्हा हात घालणाऱ्या नवरदेवाच्या मामाला ऐकवलं. "मामा, पोट कवाच भरलंय तुमचं. ही डोक्यातली अफू खायलीय."

"मला अफूबाज म्हणतो का बे?" म्हणत मामा ताटावरून उठले. पाठोपाठ अख्खी पंगत उठली. डॉक्टरांना माझ्याच मोटारसायकलवर आणलेलं, म्हणून हात जोडत मी फिरलो. डॉक्टर उलट माझ्यावरच भडकले, "मेंढरानं ऐकलं असतं!"

आग्रहाचा तर त्यांना भयंकर राग. 'दुसऱ्याच्या मेंदूवर दरोडा' म्हणायचे. म्हणून रोज दुपारी आमच्याकडं येताना हा डबा. माझी बायको सुनंदा रोज कळवळायची, "भाऊजी, माझ्या हाताला चव न्हाई का?"

"लई चव हाय वहिनी. पण तुमी माणसाला थांबू देत न्हाईत."

आमच्या मुलीला बघायला दिंद्रुडचे पाहुणे आले, त्या दुपारीही डॉक्टर आले. पाहुण्यांच्या शेजारीच पाट ओढून त्यांनी डबा उघडला. पाहुणे घास हातात धरून बघत राहिले. शेजारचा माणूस या घरचं अन्न खात नाही, म्हणजे घराण्यात काहीतरी खोट असणार! त्यांच्या चेहऱ्यावर मला ते स्पष्ट वाचता आलं आणि माझं डोकं फिरलं.

"डॉक्टर, सोताचंच खायचंय तर सोताच्या घरी खावा की! रोज इथं कावून येता, कशापायी?"

डॉक्टरांनी झाकण लावलं. "बरोबर हाय, सर," म्हणाले आणि गेले.

सोयरीक जमली. डॉक्टर मात्र परत आले नाहीत. मला हायसं वाटलं, हेही लिहून टाकतो. मग एकदा सुनंदा म्हणाली, "भाऊजींच्या दारात रोज दुपारी गाय उभी असती. डबा तिलाच घालायलेत."

मी त्यांना पारावर गाठलं. सदरा अंगावर नव्हे, खुंटीवर लटकावा तसा दिसत होता.

"जेवण का सोडलंय?"

"सोडलं न्हाई. बायको जिती होती तवा भरायची तसाच डबा भरतो. उघडला की इच्छा मरती." मग नेहमीच्या सुरात सुरू झाले, "केंद्रात एखादं मेंढरू एकटं कोंडलं, की ते गव्हाणीकडं पाठ करायचं. हार्मोन ठीक, अफू ठीक, तरी खायचं न्हाई. मी जाळीपल्याड दुसरं मेंढरू बांधायचो. ते नुसतं उभं असलं तरी हे खायला लागायचं."

"कावून?"

"ते न्हाई सापडलं मला."

असा संताप आला! हार्मोन, आतडी, अफू, सगळं ऐकवून या माणसानं गावाचे कान किटवले, आणि हे एवढं सांगायला तोंड नव्हतं? आणि त्यांच्यासमोर रोज जेवणाऱ्या मला डोळे नव्हते?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन त्यांच्या घरी गेलो आणि समोर मांडी घालून तो उघडला. त्यांनी त्यांच्या डब्यातलं वांगं पुढं केलं. मी हातानं बाजूला सारलं.

डॉक्टर लालबुंद झाले. "सर, माझ्या घरात अन्न न्हाई का? घ्या म्हणतो ना! अजून एक घ्या!" आणि मेंदूवर दरोडा घालत त्यांनी माझ्या झाकणात वांगी ओतली.

वांगी आळणी होती. तरी मी खात राहिलो. थोड्या वेळानं त्यांनीही भाकरीचा तुकडा मोडला, चावला, दुसरा मोडला. तेव्हा मी म्हणालो,

"डॉक्टर, त्या दिवशी माझं चुकलं."