हात न लावता

नवीन वॉशिंग मशीन घरात आलं त्या दिवशी सूनबाईंनी शेजारणींदेखत सासूबाईंना सांगितलं, "आई, याला बटणं नाहीत, नुसती काच आहे. कृपा करून हात लावू नका." सूनबाई नर्स. दिवसभर पेशंटना सूचना देणारं तोंड घरी आल्यावर थोडंच गप्प बसणार? पण सासूबाईंच्या ते जिव्हारी लागलं. आता मेलं तरी बोट लावायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं.

आज दुपारी सूनबाईंना वॉर्डाचा चार्ज मिळायचा होता. मोठे डॉक्टर स्वतः येणार, आणि नेमकं सकाळीच अंगावरच्या पांढऱ्या युनिफॉर्मवर लाल औषध सांडलं. दुसरा युनिफॉर्म घरी मशीनमध्ये होता. जेवणाच्या सुट्टीत नवरा तो आणून देणार होता. सूनबाईंनी वॉर्डातूनच स्पीकरवर घरी फोन लावला.

"आई, मशीन थांबलं का?"

"थांबलं होतं. परत सुरू झालं."

"परत? कुणी हात लावला?"

"इथं माझ्याशिवाय आहे कोण? आणि मी कशाला लावतेय?"

"आता कुठल्या चित्रावर दिवा आहे?"

"ब्लँकेटच्या."

म्हणजे आता दोन तास तरी दार उघडणार नव्हतं. वॉर्डात शिडीवर चढून पंखा दुरुस्त करणारा वायरमन मघापासून ऐकत होता. तो खाली उतरून म्हणाला, "काच ओली आहे का विचारा."

"ओली असणारच," सासूबाई म्हणाल्या. "हिच्या बोटांचे ठसे उठले होते, ते ओल्या फडक्यानं पुसले. दोनतीनदा पुसावे लागले. पण हात नाही लावला हं. फडकंच लावलं."

"आजी, काचेखाली बारीकसा करंट असतो," वायरमननं समजावलं. "बोट टेकलं की त्यात फरक पडतो आणि मशीनला कळतं. ओल्या फडक्यानंही तसाच फरक पडतो. त्याला वाटलं, तुम्हीच चालवताय."

"मी? मुळीच नाही. आणि ते कुलपाचं चित्र पेटलंय ते काय? तिथं चिकट डाग होता, मी चांगला रगडून काढला."

"म्हणजे कुलूपही लागलं. आता काच कोरडी करा, त्याच चित्रावर कोरडं बोट धरून ठेवा. आवाज आला की बंदच्या चित्रावर टेकवा. पाणी उतरेल, दार उघडेल."

"ऐकलंत ना, आई? ठेवा बोट."

"मी नाही ठेवणार. मला मनाई आहे."

"आई, ते तेव्हाचं झालं."

"चार बायकांत झालं."

सूनबाईंना रडू यायचं तेवढं बाकी होतं. डॉक्टर यायची वेळ होत आली होती. चार्जची वाट त्या कित्येक वर्षं बघत होत्या, आणि फोनचा स्पीकर चालू असल्यामुळे अख्खा वॉर्ड कान देऊन बसला होता.

"आई, चुकलं माझं. हात लावा मशीनला."

"जरा मोठ्यानं बोल गं. मशीनचा आवाज येतोय."

सूनबाई मोठ्यानं बोलल्या. कोपऱ्यातल्या खाटेवरचे आजोबा म्हणाले, "लावा हो आता, माफी मागितली पोरीनं." पलीकडून पीं असा आवाज आला.

नवऱ्यानं युनिफॉर्म पिळून, इस्त्री फिरवून आणला. जरासा दमट होता, पण पांढराशुभ्र. चार्ज मिळाला. संध्याकाळी सूनबाई पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आल्या आणि वाकून सासूबाईंच्या पाया पडल्या.

"आई, उद्यापासून मशीन तुम्हीच लावत जा."

"लावीन की," सासूबाई पेढा मोडत म्हणाल्या. "फक्त तू त्याला हात लावू नकोस. ठसे उठतात."