मंजूर पदांचा तावडे

आमच्या ऑफिसातला शिपाई विश्राम तावडे एक अख्खा हिवाळा युनिफॉर्म हातावर टाकून येत होता. अंगात नव्हे, हातावर. सरकारनं कापड दिलं होतं, शिलाईचे पैसे दिले नव्हते. म्हणून तावडे ते खाकी कापड घडीसकट डाव्या हातावर टाकायचा आणि घरचा चौकड्याचा शर्ट घालून दारातल्या स्टुलावर बसायचा. आमचे बर्वे साहेब एकदा वैतागून म्हणाले, "तावडे, युनिफॉर्म कुठे आहे?"

तावडेनं हात पुढे केला. "हा काय साहेब. सरकारनं जेवढा दिला तेवढा घातलाय."

ऑफिस अंधेरीला, पूर्वेला. खातं कुठलं ते सांगत नाही. प्रत्येक खात्यात एकेक तावडे असतोच, उगाच त्यांच्यात भांडण नको. मी तिथे टायपिस्ट होते. ऐंशी सालानंतरचे ते दिवस. ऑफिसात खुर्च्या पुष्कळ होत्या, माणसं नव्हती. हेडक्लार्क रिटायर झाला, त्याच्या जागी कोणी आलं नाही. हमाल वारला, त्याच्याही जागी कोणी आलं नाही. पाणीवाल्याची बदली झाली आणि त्याच्याबरोबर पाणीही गेलं.

पाणी गेलं ते तावडेमुळे. माठ त्याच्या स्टुलाशेजारी, नळ जिन्याखाली. पण माठ भरणं पाणीवाल्याचं काम आणि तावडे पडला शिपाई. "पाणीवाल्याचं पद मंजूर आहे," तो म्हणायचा. "ते भरा. मग माठ पण भरेल." बाहेरून कामाला आलेला एखादा म्हातारा घसा कोरडा पडून पाणी मागायचा, तर त्यालाही तावडे हेच शांतपणे समजावून सांगायचा. शेवटी बर्वे साहेब स्वतः तांब्या घेऊन खाली जात. तावडे उठून त्यांना दार उघडून द्यायचा, कारण दार उघडणं त्याच्या ड्युटीत होतं.

फायलींचंही तसंच. पातळ फाइल शिपायाची, जाड फाइल हमालाची. कोणती जाड ते तावडे हातावर तोलून ठरवणार, आणि त्याच्या हाताला बहुतेक फायली जाडच लागायच्या. मग मीच उठून त्या न्यायच्या.

"बाई, उचलू नका," तो बसल्या जागेवरून सांगायचा. "तुम्ही उचललीत की सरकारला वाटतं, माणूस लागत नाय."

माझं लग्न ठरलं तेव्हा मी पेढे वाटले. तावडेनं पेढा हातात धरून विचारलं, "जागा कायम आहे ना?"

मला वाटलं, नवऱ्याच्या नोकरीबद्दल विचारतोय. म्हटलं, "हो, बँकेत आहेत."

"त्यांचं नाय, तुमचं विचारतो. त्या घरात कामाला आधी कोण आहे की सगळी पदं रिकामी आहेत?"

मी पुडा मिटला आणि पुढच्या टेबलाकडे गेले. लग्नानंतर कळलं, सगळी पदं रिकामीच होती.

असा हा माणूस चतुर्थ श्रेणीच्या संघटनेचा आमच्या शाखेचा सेक्रेटरी. धुलाई भत्ता, छत्री, चपला यांवर तो तासभर बोलू शके. ऐकणाऱ्याला वाटावं, हिंदुस्थान स्वतंत्र झाला तो शिपायांना छत्री मिळावी म्हणून, आणि ती न मिळाल्यामुळे सगळं फुकट गेलं.

मग संप झाला. केंद्राच्या कर्मचाऱ्यांइतका महागाई भत्ता आम्हालाही द्या, ही मागणी. आम्ही सगळेच बाहेर पडलो. तावडे गेटवर पोत्यावर उभा राहून बोलला. "आमच्याच बिल्डिंगमध्ये खाली केंद्राचा शिपाई राहतो, वर मी राहतो. भाजीवाली एकच. तिला मी विचारलं, बाई, तू याला कांदा एका भावानं देतेस आणि मला दुसऱ्या भावानं? ती म्हणाली, कांदा काय माणूस बघून महाग होतो?"

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. मुद्दा बरोबर होता. बरोबर मुद्दा तावडेच्या तोंडून यावा, याचंच तेवढं वाईट वाटलं.

संप मिटला. थोडं मिळालं, बाकीची आश्वासनं. पण सरकारनं एका हातानं दिलं आणि दुसरा आखडला. हुकूम आला की ज्या पदांवर माणूस नाही ती पदं रद्द करा. बर्वे साहेबांनी हमाल कापला, पाणीवाला कापला, हेडक्लार्कसुद्धा कापला. ज्यांची नावं घेऊन तावडे इतकी वर्षं हात न हलवता बसला होता, ती पदं एका दुपारी संपली. आता काय करतो बघू, असं म्हणून मी खुर्ची त्याच्याकडे वळवून बसले.

तावडे भांडला नाही. काही दिवसांनी तो दुपारचा झोपायला लागला. भिंतीला डोकं टेकून, तोंड उघडं टाकून, लोकांसमोर. बर्वे साहेब म्हणाले, "तावडे, स्टूल मंजूर आहे, झोप मंजूर नाही." तावडेनं एक डोळा उघडला आणि मिटला. आम्हाला वाटलं, गडी आता पुरता वाया गेला.

त्याच पावसाळ्यात एकदा मला तातडीचं टायपिंग होतं म्हणून मी फार लवकर आले. चौकीदारानं दार उघडून दिलं. आतून फिनेलचा वास येत होता, बादली सरकवल्याचा आवाज येत होता. आमच्याकडे यमुनाबाई नावाची झाडूवाली होती. हंगामी, घाटकोपरहून यायची. संडास आणि मोऱ्या धुऊन ऑफिस भरायच्या आत निघून जायची. मी वर्षानुवर्षं तिथे होते, पण तिला पाहिलं असेल चार-दोनदा. मी हाक मारली, "यमुनाबाई, मी आत येऊ का? ओलं आहे?"

संडासाच्या दारातून तावडे बाहेर आला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, डोक्याला टॉवेल, हातात खराटा.



"यमुनाबाई कुठे आहे?" मी विचारलं.

"आजारी. छातीचा आजार. औषध लांबणार म्हणतात." त्यानं खराटा भिंतीला लावला. "तिची सून पगाराला येते. कोण विचारत नाय. मोऱ्या धुतलेल्या दिसल्या की साहेबांना वाटतं, बाई येते."

"म्हणून रोज तुम्ही?"

"मी काय तिच्यासाठी नाय करत," तावडे घाईनं म्हणाला. "पदासाठी करतो. पद रिकामं दिसलं की कापतले. एकदा कापलेलं पद परत येत नाय." मग आवाज खाली आणून म्हणाला, "मग ती बरी होवन येतली खंय?"

तावडेचा भाऊ गावाला मोठा मानकरी, देवळात त्याचं नाव आधी घेतात, हे तो आम्हाला कैकदा सांगत असे. मी म्हटलं, "गावाला कळलं तर?"

"गावाला कोण सांगणार? माझी बायको होती तेव्हा पत्र तरी यायचं." तो बादलीतल्या पाण्यानं पाय धुऊ लागला. "ती पण छातीनंच गेली. मी तेव्हा मालाडच्या ऑफिसात. दोनदा रजा मागितली. साहेब भला होता, पण म्हणाला, तावडे, तुझ्या जागी बसवू कोणाला? बदली माणूसच नाय. पोचलो तेव्हा दिवस पण होऊन गेले होते."

त्यानं पँटचे पाय खाली सोडले, टॉवेल पिळला आणि विचारलं, "कोणाला बोलणार काय, बाई?"

"नाही," मी म्हटलं.

"बरं. मग त्या बाजूनं जावा. इथं घसरतं."

त्या दिवशी दुपारी तो पुन्हा झोपला. एक जाड फाइल न्यायला नकारही दिला. मी ती उचलली आणि मनातल्या मनात त्याला दोन शिव्या दिल्या, कारण फाइल खरोखरच त्याच्या हातापाशी होती.

दसऱ्याच्या सुमारास यमुनाबाई परत आली. निम्मी झाली होती, लुगडं अंगावर राहत नव्हतं. पण तिची जागा शाबूत होती. पहिल्याच दिवशी तिला काम आटपायला उशीर झाला आणि आम्ही सगळे यायला लागलो तरी ती पॅसेजमध्येच होती. तावडे स्टुलावर येऊन बसला. तिच्याकडे न बघताच म्हणाला, "काय गो, इलंस? शेवटच्या संडासातला नळ गळतो. दाराखाली फडकं ठेव, नायतर पाणी भायेर येतं."

"ठेवते, तावडेदादा," ती म्हणाली.

सगळ्यांनी ऐकलं. बर्वे साहेब तिथेच उभे होते. शिपायाला तो नळ गळतो हे कसं माहीत, हे कोणीही विचारलं नाही. लोक आपापल्या खुर्च्यांवर गेले आणि चहाची वाट बघू लागले.