नाणं उभं राहीना

मिस्त्रींना सुतारकामासाठी पिलर ड्रिल, म्हणजे खांबाला बसवलेलं, सरळ भोक पाडणारं मशीन घ्यायचं होतं. नवं घ्यावं की जुनं, एवढंच ठरायचं राहिलं होतं, आणि ते ठरायचं राहून आता आठ महिने झाले होते. तेवढ्या काळात मेहुण्याने दोन नोकऱ्या सोडल्या, बायकोने सगळ्या घराला रंग काढून घेतला आणि हातातल्या ड्रिलने भोकं पाडून पाडून मिस्त्रींचं उजवं मनगट पार कामातून गेलं.

"जुनं घ्या, दाजी," मेहुणा स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून सांगायचा. "जुन्या मशीनला लोखंड असायचं. आताच्या मशीनला नुसता रंग." मेहुण्याने जन्मात एकही भोक पाडलं नव्हतं, पण सल्ला द्यायला ते पाडावं लागतं असं थोडंच आहे!

"नवं घ्या नाहीतर जुनं घ्या," बायको म्हणायची, "पण घ्या हो एकदाचं. विचार तुम्ही करता आणि दमते मी."

शेवटी निकड आणली ती वाचनालयाने. चाळीस स्टुलं हवी होती. मिस्त्रींनी एक नमुना करून नेला. वाचनालयाच्या बाई त्यावर बसल्या आणि डुगडुगल्या. हाताने भोक पाडलं की चार पायांचे चार कल, दुसरं काय होणार? बाई उठल्या, साडी सारखी केली आणि म्हणाल्या, "सोमवारी न हलणारं आणून दाखवा. नाहीतर मी प्लास्टिकची मागवते." ऑर्डर गेली असती तर मिस्त्रींनी एक वेळ सोसलं असतं. पण आपल्या जागी प्लास्टिक येणार, हे काही त्यांना सोसवेना.

मागच्या गल्लीत लेथवर काम करणारा एक म्हातारा टर्नर आपला कारखाना आवरत होता. त्याचं पिलर ड्रिल मिस्त्री याआधी तीनदा बघून आले होते. चौथ्या खेपेला टर्नरने मशीन चालू केलं, खिशातून एक नाणं काढलं आणि मशीनच्या टेबलावर कडेवर उभं केलं. वर ड्रिलची सुई धरणारा चक गरगर फिरत होता, खाली नाणं ढिम्म उभं होतं.

"नाणं उभं राहिलं की मशीन चांगलं," टर्नर म्हणाला. "बाकी सगळी बडबड."

गुरुवारी मशीन घरी आलं. मिस्त्रींनी आणि मेहुण्याने दोन्ही बाजूंनी धरून, कण्हत कुथत ते कामाच्या बेंचवर चढवलं. मिस्त्रींनी नाणं उभं केलं, बटण दाबलं. नाणं पडलं. पुन्हा उभं केलं, पुन्हा पडलं. तिसऱ्यांदा ते घरंगळत भुशात गेलं आणि शोधण्यात अर्धा तास मोडला.

"नाणंच खोटं असेल," मेहुणा म्हणाला.

शुक्रवारी मशीन हातगाडीवरून परत गेलं. टर्नरने एका शब्दाने वाद घातला नाही. फक्त विचारलं, "ठेवलं कशावर होतं?"

"माझ्या बेंचवर. मी स्वतः केलाय तो!"

"म्हणून तर विचारलं."

मिस्त्रींना हे भलतंच झोंबलं. ते तडक दुकानात गेले आणि आठ महिन्यांचा विचार दहा मिनिटांत गुंडाळून नवंकोरं मशीन घेऊन आले. शनिवारी ते बेंचवर चढलं. नाणं ठेवलं. पडलं.

आता मात्र मिस्त्री हबकले. त्यांनी लेव्हल लावून टेबल तपासलं, खांब तपासला, पट्टा काढून पुन्हा बसवला. मग दुकानात फोन लावला.

"नाणं?" दुकानदार बराच वेळ काहीतरी चाळत राहिला. "माहितीपुस्तकात नाण्याचं काहीच दिलेलं नाही, साहेब."

रविवारी दुपारी मिस्त्री भुशावर फतकल मारून बसले होते. उद्या सोमवार. मनगट ठणकत होतं. नव्याने दगा दिला, जुन्याने दगा दिला, आता तिसरं काय घ्यायचं? मेहुणा म्हणाला, "नाहीतरी प्लास्टिक हलकं पडतं, दाजी." मिस्त्रींच्या अंगात त्याच्याकडे रागाने बघण्याचंही त्राण उरलं नव्हतं.

बायको चहा घेऊन आली. कप तिने बेंचवर ठेवला, तसा चहा बशीत सांडला. तिने बेंचच्या कोपऱ्यावर हात दाबून पाहिला, आत गेली आणि घडी घातलेला पुठ्ठा घेऊन आली. वाकून तो बेंचच्या मागच्या पायाखाली सारला. लग्न झाल्यापासून ती पलंगाखाली, कपाटाखाली, टेबलाखाली असेच पुठ्ठे सारत आली होती. लाकडी वस्तूंना ते लागतातच, अशी तिची समजूत होती.

"आता करा चालू," ती म्हणाली.

नाणं उभं राहिलं. मशीन पाच मिनिटं घरघरलं, तरी नाणं उभंच होतं. लेव्हल सगळ्या मशीनभर फिरली होती, फक्त बेंचला लागली नव्हती, कारण तो मिस्त्रींनी स्वतः केला होता.

"म्हणजे जुनं मशीन चांगलं होतं?" मेहुण्याने विचारलं. मग तो आत जाऊन आपल्या स्टुलावर बसला आणि कपासकट कलंडला. पुठ्ठा तिथलाच होता.

संध्याकाळपर्यंत नवं स्टूल तयार झालं. बायको सवयीने दुसरा पुठ्ठा घेऊनच आली. तिने स्टूल एका बाजूने दाबलं, दुसऱ्या बाजूने दाबलं, मग बसून पाहिलं.

"अहो, हे हलतच नाही," ती तक्रार केल्यासारखी म्हणाली. मिस्त्रींना इतकं बरं वाटलं की त्यांनी तोंड फिरवून उगाचच भुसा झाडला.

सोमवारी वाचनालयाच्या बाई बसल्या आणि बसूनच राहिल्या. एकोणचाळीस स्टुलं बाकी होती. परतताना मिस्त्री मान खाली घालून मागच्या गल्लीत शिरले.

"काका, तुमचं मशीन चांगलं होतं."

"ठाऊक आहे," टर्नर म्हणाला.

मिस्त्री जागचे हलले नाहीत. ड्रिल ज्यावर ठेवलेलं असायचं तो जाडजूड बेंच कोपऱ्यात रिकामा पडला होता. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"हा बेंच द्यायचाय का?"

टर्नरने चष्मा कपाळावर चढवला. "अहो, मिस्त्री ना तुम्ही? नवा करा की!"

"नको," मिस्त्री क्षणाचाही विचार न करता म्हणाले. "जुनाच बरा."