गुबदुलचा नायटा

एका जंगलात, बाळांनो, झिपरूबाई नावाची अस्वलीण राहत होती. तिने एक गिनीपिग पाळला होता. अस्वलिणीने गिनीपिग कशाला पाळावा, असं विचारू नका. तुमच्या घरी मासे कशाला पाळलेत, असं मी विचारलं का?

गिनीपिगचं नाव गुबदुल. तो पेरू खायचा, गवतात लोळायचा आणि झिपरूबाईच्या मांडीवर झोपायचा. एके दिवशी त्याच्या पाठीवर बोराएवढं टक्कल दिसलं. 

झिपरूबाईने साळिंदर डॉक्टरांना बोलावलं. "नायटा आहे," ते म्हणाले. "हे मलम लावा. खालचं गवत ओलं झालंय, ते बदला. आणि बरा होईपर्यंत तुमच्याशिवाय कोणी त्याला हात लावायचा नाही. तुम्हीसुद्धा पंजे धुवा."

इथेच घोडं अडलं. त्या जंगलाची रीत अशी, की आजाऱ्याला भेटायला जाताना प्रत्येकाने आपला उपाय न्यायचा आणि स्वतःच्या हाताने लावायचा. नको म्हणणं म्हणजे पाहुण्याचा अपमान.

माकडीण मंदाकाकू खोबरेल तेल घेऊन आल्या आणि गुबदुलला लोणच्याच्या फोडीसारखं मुरवून गेल्या. कोल्हे गुरुजींनी हळद-लिंबू चोळलं. रानडुक्कर तात्यांनी चिखलाचा लेप दिला, कारण त्यांना दुसरा उपाय ठाऊकच नव्हता. गुबदुल किंचाळला की औषध लागू पडतंय, असं सगळे म्हणायचे. झिपरूबाई जो येईल त्याला चहाचं विचारायची. डॉक्टरांचं मलम फळीवर तसंच राहिलं. ते लावायला गुबदुलच्या अंगावर जागाच नव्हती.

आठवड्यात निम्मी पाठ उघडी पडली. गुबदुलने पेरूही सोडला. आता हा काही आपल्याला राहत नाही, असं वाटून झिपरूबाई रडायला लागली.

आणि मग मंदाकाकू खाजवू लागल्या. मग गुरुजी. मग तात्या. सगळ्यांच्या अंगावर गोल गोल चकंदळं उठली. जो तो एकमेकांकडे उपाय घेऊन धावू लागला. गुबदुलकडे यायला कोणाला सवड उरली नाही.

झिपरूबाईने फळीवरचं मलम काढलं. गवत बदललं. पंजे धुतले. काही आठवड्यांत गुबदुलच्या पाठीवर मऊ लव आली आणि त्याने एका बैठकीत अर्धा पेरू संपवला.

बातमी पसरली तसे सगळे खाजवत खाजवत त्याच्या कौतुकाला जमले. गुण नक्की कोणाच्या हाताला, यावर वाद पेटला. शेवटी गुबदुललाच विचारायचं ठरलं. झिपरूबाईने त्याला डोळ्यांनी खूप खुणावलं, पण गुबदुल पडला सरळ.

"तुम्ही कोणी आला नाहीत," तो म्हणाला, "म्हणून मी बरा झालो."

मंदाकाकूंचं खाजवणं थांबलं. मग त्या गुरुजींच्या कानाशी लागल्या आणि गुरुजींनी हळूच मान हलवली. कोणीच रागावलं नाही. उलट सगळे फार मायेने निरोप घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी झिपरूबाईच्या दारात रांग लागली. सर्वांत पुढे मंदाकाकू, हातात ब्राह्मीचं तेल.

"नायटा डोक्यात गेलाय हो पोराच्या," त्या म्हणाल्या.

झिपरूबाईने चहाचं आधण ठेवलं.

तात्पर्य : आजारातून उठल्यावर सर्वांचे आभार मानावेत. खरं कारण सांगायचंच असेल, तर आधी डोक्याला तेल लावून बसावं.